अंघोळीची वेळ

“...पण आईनंच मनावर घेतलं नाही, तर मी काय करणार, बाई?”

कुमुदिनीबाई चपला घालत होत्या. उशिरा वाढणाऱ्या बाळांना बसतं-उठतं करण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. शाल्मलीला त्यांच्या हाताखाली जेमतेम एक वर्ष झालं होतं, आणि त्यातले शेवटचे सहा महिने तिला सगळं येत होतं.

“कस्तुरा दीड वर्षाची झाली. चार महिने दर मंगळवारी तिच्या घरी जातेय. मान धरत नाही म्हणजे नाही. मी गेले की एकतर रडते, नाहीतर पेंगते. व्यायामाचा तक्ता दिला, तोही आई करत नसणार.”

“मग?”

“तिचं नाव यादीतून काढू या. दुसरं मूल घेऊ.”

आपण गेलो नाही तर कस्तुराच्या गल्लीत दुसरं कुणी जाणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

“तू किती वाजता जातेस?” बाईंनी विचारलं.

“अकराला.”

“आज नऊला जाऊ.”

बुरूडगल्लीत कस्तुराची आई सगुणा दारात बसून सुपासाठी बांबू तासत होती. दोघींना बघून गडबडीनं उठली.

“आज लवकर आलासा? पोरीची अंघूळ व्हायचीय अजून.”

शाल्मलीनं पिशवीतून चटई काढली, खुळखुळा काढला. बाईंनी दोन्ही परत पिशवीत ठेवले.

“होऊ दे अंघोळ.”

मागच्या दारी सगुणा पाटावर बसली. पाय लांब केले, कस्तुराला पायांवर पालथं घेतलं आणि पाठीवर एक तांब्या ऊन पाणी सोडलं. दुसरा तांब्या भरला, पोरीच्या डोळ्यांपुढं धरला... आणि थांबली.

कस्तुराची मान थरथरली. वर आली. पुन्हा खाली गेली...

सगुणा हलली नाही.

मान पुन्हा वर आली. चांगली चार बोटं. पोरीनं तांब्याकडं बघितलं आणि तोंडानं कसलासा आवाज केला.

“आली माझी बाय!” म्हणून सगुणानं पाणी ओतलं.

असं सात वेळा झालं. खरं सांगायचं तर बघणाऱ्यानं हात जोडावेत, असंच ते होतं. बाईंनी जोडलेही.

“हे... कधीपासून करतेस?” शाल्मलीनं विचारलं.

“दिवाळीपासनं. पाणी लई आवडतं तिला. म्हटलं, मागितल्याबिगर द्यायचं न्हाई.”

“मला बोलली नाहीस कधी?”

“त्यात काय बोलायचं म्याडम? अंघूळच ती.”

“मग मी येते तेव्हा का रडते?”

सगुणा अवघडली. पोरीच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली.

“न्हाऊन झालं की झोपती ओ ती. पार बारापतूर. तुम्ही एवढ्या लांबनं येता, म्हणून उठवते.”

शाल्मलीचे कान लाल झाले. चार महिने ती झोपमोड झालेल्या पोरीची परीक्षा घेत होती.

तरी सवय जाते कुठं! तिनं वही काढली.

“बाई, याचाच नीट तक्ता करून देते तिला. किती वेळा, किती सेकंद...”

बाईंनी नुसती मान वळवून आतल्या भिंतीकडं बघितलं. मागचा तक्ता तिथं देवांच्या तसबिरीशेजारी लावलेला होता. त्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं.

शाल्मलीनं वही मिटली.

पायांवर कस्तुरा आता दमली होती. सगुणा एका हातानं तिला सावरत दुसऱ्या हातानं तांब्या चाचपत होती.

“नाव राहू दे, बाई,” शाल्मली हळूच म्हणाली. “पण हिच्या आईला सगळं येतंय. मग माझं इथं काम काय?”



बाईंनी बादलीतून तांब्या भरून घेतला, पाण्यात बोट घालून बघितलं आणि तो शाल्मलीच्या हातात दिला.

“मागेल तेव्हा घाल.”