सात पानं जेवणारा कावळा

एका जंगलात, तळ्याकाठच्या उंबरावर एक कावळा राहत असे. सगळ्यांच्या आधी बातमी सांगणे हा त्याचा धंदा होता. बातमी पुरती ऐकणे मात्र त्याच्या धंद्यात बसत नसे. एकदा त्याचा मित्र करकोचा हिमालयापलीकडच्या हंसांच्या मुलखातून परतला आणि उंबराखाली बसून प्रवासाच्या गोष्टी सांगू लागला. "काय सांगू गड्या, यंदा हंस आपल्याच तळ्यावर उतरणार आहेत. त्यांतल्या एका म्हाताऱ्या हंसिणीनं मला जेवायला बोलावलं. पानात काही टाकायचं नाही, हे आपल्या आईचं वळण. मी पान चाटूनपुसून साफ केलं की ती पुन्हा वाढायची. अशी सात वेळा जेवलो! मग शेजारचं बदक माझ्या कानात म्हणालं..." पण पुढचे ऐकायला कावळा होता कुठे? तो केव्हाच उडाला होता!

बालमित्रांनो, दुपारपर्यंत जंगलभर झाले होते की हंस दिवसातून सात वेळा जेवतात. संध्याकाळपर्यंत ते सात म्हशींएवढे खाऊ लागले. "आणि यंदा ते आपल्याच तळ्यावर उतरणार आहेत!" कावळा ओरडला. "होळीपर्यंत एक शिंगाडा उरला तर माझी चोच कापा!" जंगलाचा पाटील रानडुक्कर हादरला. करकोचा कळवळून म्हणाला, "पाटील, गोष्ट अजून संपलेली नाही हो!" कावळ्याने त्याला झिडकारले. "तुझी गोष्ट संपेपर्यंत माझी बातमी शिळी होईल!" शेवटी पाटलाने फर्मावले, "हंस उतरले की त्याच दिवशी त्यांना हाकलायचं. निरोप कावळ्यानं सांगायचा."

चार दिवसांनी हंस आले. डोंगर ओलांडून त्यांचे पंख थकून गेले होते. तिथून हाकलले असते, तर पिल्ले दुसऱ्या तळ्यापर्यंत पोचलीच नसती. कावळा ऐटीत निरोप घेऊन गेला, तेव्हा म्हातारी हंसीण म्हणाली, "या पाव्हणं, आधी चार घास खा, मग बोला." तिने कमळाच्या पानावर, मुलखातून पंखाखाली जपून आणलेले जव वाढले. फुकटचे जेवण! कावळ्याने पान लख्ख केले. तिने पुन्हा वाढले. त्याने पुन्हा लख्ख केले. पाचव्या पानाला त्याचे डोळे पांढरे झाले. पानात टाकावे, तर आईचे वळण आडवे येत होते आणि काठावरून सगळे जंगल पाहत होते. सातव्या पानाला तो शेजारी जेवायला बसलेल्या करकोच्याला कण्हत म्हणाला, "अरे, हिला आवर! त्या वेळी तू कसा सुटलास?"

"तेच तर सांगत होतो. तू थांबलास कुठं?" चोच पुसत करकोचा म्हणाला. "इथं रिकामं पान म्हणजे 'मी उपाशी आहे, तू कंजूष आहेस.' पोट भरलं की एक घास पानात ठेवायचा असतो." कावळ्याने पानात चार दाणे ठेवले. हंसिणीने सुटकेचा निःश्वास सोडला. "भरलं बाई एकदाचं पोट! आमच्या पिल्लांचं आजचं सगळं संपत आलं होतं." पाटलाने हंसांची पाने पाहिली. प्रत्येकात थोडेच वाढलेले आणि त्यातलाही एक घास शिल्लक. मग तो गरजला, "सात वेळा कोण जेवतं, ते दिसलं! हंसांनो, होळीपर्यंत खुशाल राहा. आज पिल्लांना शिंगाडे आमच्याकडून." कावळ्याला मात्र उडता येईना. तो चालत घरी निघाला. वाटेत जो भेटे, तो विचारी, "काय हो, बातमी काय?" आणि उडून जाता येत नसल्यामुळे कावळ्याला जन्मात पहिल्यांदा, प्रत्येकाला, बातमी शेवटपर्यंत सांगावी लागली.

तात्पर्य : परक्या मुलखाची रीत मित्राच्या तोंडून कळते, पण त्याचे बोलणे संपेपर्यंत जागचे हलू नये, अर्धी ऐकलेली बातमी दुसऱ्याच्या तोंडचा घास काढते आणि शेवटी आपल्याच पोटात दुखते.