मीठ पिवळं का जळतं

“आत येणार आहेस, का तिथनंच दृष्ट काढून घेणार?”

हणमंत शिरगुप्पे जागचा हलला नाही. मठाच्या दाराबाहेर पायरीवर बसला होता, आतल्या धुनीकडं पाठ करून. हातात आईनं बांधून दिलेली मीठ-मोहऱ्यांची पुडी. चोरीचा माल धरावा तशी धरलेली.

“मी असलं काही मानत नाही, बुवा.”

“मी तरी कुठं मानतो? बायका आणतात, मी टाकतो. धुनीला काय, काहीही चालतं.”

रेवणबुवा गावाबाहेरच्या त्या मठात एकटाच राही. अंगारा देत नसे, उपदेश करत नसे. आलेल्याला बसवून घ्यायचा आणि गप्प राहायचा. काही लोक म्हणत सिद्ध आहे. काही म्हणत ऐकू कमी येतं.

“तुझी आई म्हणत होती, मास्तर वर्गात जाईना.”

“मास्तर नव्हे. प्राध्यापक.”

“म्हणजे मोठा मास्तर.”

“…रजेवर आहे मी.”

“कधी संपते?”

“उद्या.”

“मग?”

हणमंतनं पुडीची गाठ आणखी आवळली.

झालं होतं ते एवढंच. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्यात ह्याचे केस पिकले. आवाज असा, की मागच्या बाकावरच्या पोरांची झोपायची टाप नव्हती. त्यात बोर ह्या शास्त्रज्ञाचा अणू शिकवावा तर ह्यानंच, असा लौकिक. आणि एके दिवशी पुढच्या बाकावरची तहसीन नावाची पोरगी उठली आणि तिनं एक साधा प्रश्न विचारला. साध्या प्रश्नाइतकं वाईट काही नसतं. हा खडू धरून उभा राहिला. पोरं ओठ दाबून हसली. मग ह्यानं खडू ठेवला आणि चालता झाला, तो थेट गावाकडं आईपाशी. शिकलेल्या माणसाला शिवी पचते, असला प्रश्न पचत नाही.

“कुठल्या तोंडानं जाऊ आता त्या वर्गात?” तो पायरीकडं बघत म्हणाला.

बुवानं नुसता हात पुढं केला. हणमंतनं बाहेरूनच पुडी दिली, उंबऱ्यावरनं हात लांबवून. उंबऱ्यावर सकाळी कुणा बाईनं रांगोळी घातली होती. बोट लागलं तर पुसेल अशी बारीक.

बुवानं चिमूटभर धुनीत टाकलं. तडतड झाली. ज्वाळा भडक पिवळी झाली आणि बसली.

“बघ. चांगलीच लागली होती तुला नजर.”

“नजरेनं नाही होत ते.” हणमंत वळला. “मिठानं होतं. मिठातल्या सोडियमनं.”

“असं? मीठ तर पांढरं आहे.”

“पांढरं आहे, पण त्याचा अणू… कसं सांगू. मधे एक गाभा असतो. भोवती इलेक्ट्रॉन. ते कुठंही फिरत नाहीत, बुवा. कक्षा ठरलेल्या. पहिली, दुसरी, तिसरी. दीड नाही, अडीच नाही.”

“अडीचवर राहायचं म्हटलं तर?”

“जागाच नाही. आच लागली की तो वरच्या पायरीवर जातो. तिथं टिकत नाही. पडतो खाली. आणि पडताना जेवढं घेतलेलं असतं तेवढं उजेड करून टाकून देतो. उंची ठरलेली, म्हणून रंग ठरलेला. सोडियम असलं की पिवळाच.”

“म्हणजे उजेड चढताना नाही, पडताना.”

“पडताना.”

“आणि आम्ही जन्मभर चढायच्या मागं,” बुवा म्हणाला आणि धुनी सारखी करू लागला. “पुन्हा दाखव बरं. माझी नजर अधू आहे.”

हणमंतनं मूठभर घेऊन टाकलं. पिवळा. पुन्हा टाकलं. पिवळा. बाह्या वर सरल्या होत्या. आवाज तोच, मागच्या बाकापर्यंत जाणारा.

“तांबं आणा, हिरवा देईल. ज्याचे त्याचे मुक्काम ठरलेले. ह्या मुक्कामावरनं त्या मुक्कामावर, बस.”

“आणि मधे?”

“काय मधे?”

“वरनं निघाला, खाली आला. मधे कुठं असतो?”

हणमंतचा हात तसाच राहिला. मीठ बोटांतनं गळत होतं. नेमका तोच प्रश्न. अक्षरन् अक्षर तोच.

“…आईनं सांगितलं का तुम्हाला?”

“काय?”

“तहसीननं विचारलं ते.”

“कोण तहसीन?”

म्हातारा खोटं बोलतोय का, ते कळेना. डोळे धुरानं लाल, त्यांत काही वाचता येईना. हणमंतनं उत्तर जुळवून पाहिलं. मधे नसतोच, म्हणावं. नसतो तर आला कसा? आला तर मधे नसेल कसा? पुस्तकात गणित आहे, गणित चोख येतं, आणि गणिताला विचारलं तर तेही खांदे उडवतं.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला.

हे त्यानं आजवर कुणाला म्हटलेलं नव्हतं.

बुवानं उरलेलं मीठ धुनीत झटकलं. पिवळा उजेड पडला, होता तसाच.

“तुला माहीत नाही हे मिठाला कळलेलं दिसत नाही.”

“पण बुवा, उद्या ती पोरगी पुन्हा उभी राहिली तर?”

बुवानं चिमटा उचलला आणि दाराकडं केला.

“मघाशी तू कुठं होतास?”

“बाहेर. पायरीवर.”

“आता?”

हणमंतनं खाली पाहिलं. तो धुनीपाशी मांडी घालून बसला होता. चपला बाहेर होत्या, एक उताणी, एक पालथी. उंबऱ्यावरची रांगोळी होती तशी. एक रेघ हलली नव्हती. कधी उठला, कधी आत आला… काही आठवेना.

“मधे कुठं होतास?”

हणमंतनं बोलायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

बुवानं त्याच्याकडं नीट निरखून पाहिलं आणि मान डोलावली.

“हां. ह्याच तोंडानं जा.”