साळिंदराची अळंबी

मुलांनो, सागाच्या एका दाट जंगलात, ओढ्याकाठच्या कपारीत एक साळिंदर राहत असे. तो मोठा चौकस होता. पावसाळ्यात त्याच्या कपारीच्या तोंडाशी अळंबी उगवत, पण चार पावलांवर एकही दिसत नसे. असे का, हा विचार त्याला स्वस्थ बसू देईना. त्याने पाचोळ्याचे तीन ढीग रचले आणि तिन्हींत अळंब्यांच्या पिकलेल्या टोप्या कुस्करून मिसळल्या. एक ढीग उन्हात ठेवला, दुसरा सावलीत पण कोरडा, आणि तिसरा सावलीत, ओला. पहिले दोन जसेच्या तसे राहिले. तिसऱ्यात मात्र आधी पांढरे जाळे पसरले आणि मग एका सकाळी इवल्या इवल्या टोप्या वर आल्या.

पुढच्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. गवत करपले, झाडांच्या सालीही कुरतडून झाल्या. साळिंदर डबक्यातले पाणी तोंडात धरून आणी, ढिगावर शिंपडी आणि उगवलेली अळंबी हातचे न राखता सगळ्यांना वाटून टाकी. जो तो त्याला शहाणा म्हणू लागला. ऐकून ऐकून त्यालाही ते खरे वाटू लागले. रोज येणाऱ्यांत एक हरिणी होती. तिचे दूध आटले होते आणि तिच्या पाडसाच्या बरगड्या वर आल्या होत्या.

ढिगातला पाचोळा कुजून संपत आला, तेव्हा साळिंदराने ओढ्यापलीकडच्या झाडाखालून नवा ओढून आणला. त्याबरोबर आणखी काय आले, हे त्याने पाहिले नाही. ढीग पुन्हा फुलला. पण या वेळी काही अळंब्यांच्या टोपीखालची झालर नेहमीसारखी गुलाबी नव्हती, पांढरीशुभ्र होती, आणि देठाला कडे होते. साळिंदराच्या ते लगेच लक्षात आले. पूर्वी त्याने ती मुकाट्याने बाजूला काढली असती. पण आता दारात भुकेली जनावरे उभी होती, आणि मला ठाऊक नाही, असे म्हणायची त्याची सवय सुटली होती.

हरिणीनेही ती पाहिली. तिने दबकत विचारले, "दादा, ही वेगळी दिसतात. पाडसाला देऊ ना?"

"माझ्या ढिगात उगवली, म्हणजे माझीच," साळिंदर म्हणाला. "खुशाल दे."

पाडसाने ती आवडीने खाल्ली. त्या दिवशी काहीच झाले नाही. दुसऱ्या दिवशी ते पोट आवळून लोळू लागले. हरिणी त्याला चाटत राहिली. साळिंदर धावत आला, पण अळंबी वाढवायची कशी हे जाणणाऱ्या त्याला विषावरचा उतारा काही ठाऊक नव्हता. संध्याकाळी पाडसाने मान टाकली.

हरिणी रडली नाही, भांडली नाही. "मी विचारलं होतं," एवढेच म्हणाली आणि निघून गेली.

साळिंदराने सगळा ढीग उधळून मातीत मिसळला. त्यात चांगली अळंबीही होती. भुकेली जनावरे नुसती बघत राहिली. एकानेही त्यातले उचलले नाही. मग एकेक जण रित्या पोटी माघारी वळला.

तात्पर्य : एका प्रश्नाचे उत्तर सापडले म्हणजे दुसऱ्याचेही सापडले असे होत नाही. जाणत्याने 'ठाऊक नाही' म्हणण्याची लाज धरली, तर त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्याचा जीव जातो.