खराब पडदे

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंच्या प्रयोगशाळेत रबराच्या पातळ पडद्यांचा अभ्यास करीत होता. पडद्याच्या दोन्ही बाजूंना वीज वाहून नेणाऱ्या काजळीचा लेप असे. वीज सोडली की पडदा पसरे, बंद केली की आकसे; जणू स्नायूच. तो किती आणि किती वेगाने हलेल, याचे गणित शिष्याने मांडले होते. गणिताच्या रेघेवर मोजणीचे ठिपके इतके नेमके बसत की पाहणारा हरखून जाई.

त्यावर भाळून एका व्यापाऱ्याने हातमोजा करवून घेतला. पडदा पसरला की बोटे मिटावीत, आकसला की उघडावीत. पक्षाघाताने बोटे लुळी पडलेली एक शिवणकाम करणारी बाई तो घालून पाहायला आली. वर्षभरानंतर प्रथमच तिच्या चिमटीत सुई आली.

"धरली गं बाई!" ती लहान मुलीसारखी हसली.

"बघा गुरुजी! मोजा विकायला आता फक्त तुमची सही हवी," व्यापारी म्हणाला.

गुरू उठले आणि त्यांनी कोपऱ्यातली कचऱ्याची बादली टेबलावर पालथी केली. आत वापरलेले पडदे होते. प्रत्येकावर शिष्याच्या सुबक अक्षरात लिहिले होते, 'खराब'.

"यातला एक मोज्यात बसव."

"कचऱ्याची वरात काढता होय?" व्यापारी हसला.

शिष्य दुखावला. "गुरुजी, ते गणिताशी जुळेनात, म्हणून टाकले. दर वेळी नवा घेतला."

"बसव."

बाईने सुई धरली. वीज बंद झाली. पडदा रेंगाळत मागे आला आणि अर्ध्यावरच सैल पडला. बोटे उघडेनात. गुरूंनी ती एकेक करून हाताने सोडवली.

"हा किती वेळा ताणला होतास?"

"तीनशे वेळा."

"आणि या बाई दिवसाला किती टाके घालतात?"

शिष्य टेबलावरच्या पडद्यांकडे पाहू लागला.

"रबर थकतं, ताण लक्षात ठेवतं. तू दर वेळी पाहुण्यालाच विचारलंस, घरात नांदणाऱ्याला कधीच नाही. एकही आकडा तू खोटा लिहिला नाहीस. ज्यांनी तुला खोटं पाडलं, त्यांना मात्र बाद केलंस."

व्यापारी छताकडे पाहू लागला. बाईने मोजा काढून, नीट घडी घालून शिष्यापुढे ठेवला.

"तुमच्या यंत्राला कशाला बोल लावायचा, दादा?" ती हळूच म्हणाली. "माझ्याच हातात जीव नाही."

शिष्याने मान वर केली नाही. बाई त्याच्याच भाषेत बोलत होती: गणित बरोबर, पडदा खराब.