कुंकू लावलेला टॅब

एका डोंगरगावात एक शाळा होती आणि त्या शाळेत एक गुरुजी होते. गुरुजी मनाने लोण्यासारखे मऊ, पण वस्तू जपायची त्यांना भारी हौस. खडूचा उरलेला तुकडासुद्धा ते कपाटात ठेवून देत.

एकदा तालुक्याहून शाळेला एक टॅब आला. पाटीएवढा, काळाभोर, चकचकीत. त्यात चित्रं दिसत, फोटो निघत, माणसांचे आवाज भरून ठेवता येत. गुरुजींना इतका आनंद झाला, की दसऱ्याला त्यांनी तो पाटावर मांडला, फुलं वाहिली, हळदकुंकू लावलं आणि मखमली फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. किल्ली खिशात!

मग कधीतरी ते टॅब बाहेर काढत आणि दोन्ही हातांनी उंच धरून मुलांना हत्ती-सिंह दाखवत. "लांबूनच बघा रे. हात लावायचा नाही!" मागच्या मुलांना दिसत फक्त गुरुजींचे अंगठे. अंगठे तरी किती वेळ बघणार? जेवणाची सुट्टी झाली, की बहुतेक वर्ग बोरं वेचायला पसार होई.

दिवाळीनंतर तपासणीचे साहेब आले, ते नेमके दुपारचे. वर्गात चारदोन पोरं पेंगत होती. साहेब म्हणाले, "गुरुजी, संक्रांत झाली की मी परत येईन. तेव्हाही मुलं नसतील, तर ही शाळा बंद करावी लागेल. मुलांना खालच्या गावी पाठवा."

खालच्या गावची वाट घाटातली आणि मध्ये ओढा. पावसाळ्यात तिथं मोठी माणसंही जपून उतरत. लहान पोरं जाणार कशी? त्यांचं शिक्षणच थांबणार.

शाळा सुटली तरी ते पायरीवर बसून राहिले. तेवढ्यात ओच्यात बोरं घेऊन एक मुलगी आली. दुपारी पळणाऱ्यांत हीच सगळ्यांच्या पुढे.

"गुरुजी, घरी नाही गेलात?"

"शाळा बंद होणार गं. तुम्हाला इथे बसावंसंच वाटत नाही, त्याला मी काय करू?"

ती वरमली. मग हळूच म्हणाली, "नुसतं बसून काय करायचं, गुरुजी? तो टॅब एकदा आमच्या हातात द्या की."

"आणि पडला म्हणजे?"

"पण शाळाच गेली, तर तो जपून ठेवणार कुठं?"

गुरुजींनी वळून कपाटाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टॅब मुलांपुढे ठेवला. पहिला फोटो काढला, तर सगळं लालभडक! "बिघडला, बिघडला!" एकच ओरडा झाला. त्या मुलीने टॅब उलटा करून पाहिला आणि ती खो खो हसत सुटली. "गुरुजी, तुम्ही ह्याच्या डोळ्यालाच कुंकू लावलंय!" तिने झग्याच्या टोकाने ते पुसलं. गुरुजीसुद्धा पोट धरून हसले.

पण पुढच्याच क्षणी "मला दे, मला दे" सुरू झालं. ओढाओढीत टॅब दाणकन खाली पडला आणि त्याचा कोपरा फुटला. गुरुजींचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला. त्यांनी मुलांचे पडलेले चेहरे पाहिले. किल्ली खिशातच राहिली.

"टॅब एक आहे आणि तुम्ही पुष्कळ," ते म्हणाले. "म्हणून एकट्याने काही करायचं नाही. एकाने टॅब धरायचा, दुसऱ्याने काय टिपायचं ते सांगायचं, तिसऱ्याने गावात विचारत फिरायचं, बाकीच्यांनी लिहायचं. रोज कामं बदलायची. गावातल्या प्रत्येक झाडाची गोष्ट आपण गोळा करू."

मुलं कामाला लागली. चिंच कुणी लावली, उंबराखाली कुणाचं लग्न ठरलं, हिरड्याने कुणाचा खोकला बरा केला, सगळं टॅबमध्ये जमू लागलं. कधी तोंड न उघडणारा एक मुलगा आता गावभर प्रश्न विचारत फिरे. बोरांची आठवणसुद्धा कुणाला राहिली नाही.

संक्रांत झाली आणि साहेब आले, पुन्हा दुपारचेच. वर्गात पाहतात, तर एकही मूल नाही! गुरुजी धावत दाराशी गेले. साहेबांनी खिशातलं पेन काढलं.

इतक्यात कलकलाट ऐकू आला. सगळीच्या सगळी मुलं धुळीने माखून धावत येत होती.

"वर्ग तर रिकामा होता," साहेब म्हणाले.

बोरंवाली मुलगी धापा टाकत म्हणाली, "साहेब, वर्ग वडाखाली होता! पारंब्या मोजत होतो. बघा ना!"

साहेब टॅब घेऊन जे बसले, ते चहा गार झाला तरी उठले नाहीत. शेवटी त्यांचं बोट फुटक्या कोपऱ्यावर थांबलं. "हे कसं झालं?"

गुरुजी म्हणाले, "पडला, साहेब. मीच मुलांच्या हातात दिला होता."

साहेब हसले. "मी गावोगाव टॅब बघतो. एकावरही ओरखडा नसतो, कारण ते कपाटातून निघतच नाहीत. गुरुजी, तुमची शाळा इथेच राहील."

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डोळे पुसले ते त्याच मखमली फडक्याने.

पुढच्या दसऱ्याला टॅब पुन्हा पाटावर बसला. गुरुजींनी कुंकवाचं बोट पुढे केलं मात्र, अख्खा वर्ग ओरडला, "गुरुजी, डोळ्याला नको!"

तात्पर्य: मुलांसाठी आलेली वस्तू मुलांच्या हातात द्यावी आणि तिच्यावर सगळ्यांना मिळून काम करू द्यावं. वस्तूला चार ओरखडे पडतील, पण मुलं शाळेत रमतील.