धाकट्याच्या हातचं पाणी

एका राज्यात राजाला दोन लेक होते, थोरला रणधवल आणि धाकटा मेघकेतू. राजा वारला. गादीवर हक्क थोरल्याचा, पण लोकांच्या तोंडी कौतुक सदा धाकट्याचं! रणधवलाचा नुसता जळफळाट व्हायचा. सीमेवर रक्त सांडायचं मी, आणि ओवाळायचं याला? पाच वर्षं तो भावाशी बोलला नव्हता. उद्या हा गादीही घेईल, या धास्तीनं तो कालजिव्ह मांत्रिकाकडे गेला. मांत्रिकानं मूठभर राख फुंकली आणि बागेत उभ्या मेघकेतूचा दगड झाला.

पण काय ही अक्कल! त्या राज्याची रीत अशी, की अभिषेकाचं पाणी सख्ख्या भावंडानंच घालायचं. रणधवलाला ती आठवली ऐन मुहूर्तावर. त्यानं चुलतभावाच्या हाती कलश दिला, तर पाण्याची वाळू झाली. साऱ्या प्रजेनं पाहिलं.

रणधवल बागेत दगडापाशी धावला. दगडाच्या खांद्यावर एक साळुंकी बसे. ती म्हणाली, "राजपुत्रा, तीन कामं कर, शाप सुटेल."

"सांग."

"जळत्या तळ्याचं पाणी आण." त्यानं आणलं. शिंपडताच दगडाचे पाय मोकळे झाले. "मांत्रिकाचा दंड मोडून आण." आणला. हात मोकळे झाले. मिशीवर ताव देत रणधवल म्हणाला, "तिसरं?"

"भर दरबारात सांग, भावाचं तुला काय खुपलं. पण गादीच्या लोभानं बोललास, तर तो जन्माचा दगड."

झालं! वाघाला न भिणाऱ्याची बोबडी वळली. धड आणि डोकं अजून दगडच होतं; तसाच त्याला दरबारात आणला. "तो सर्वांना आवडतो," रणधवल म्हणाला. दगड हलेना. "तो गोड गातो." दगड हलेना. त्या दगडी डोळ्यांकडे पाहून त्याला भडभडून आलं. त्यानं राजमुद्रा काढून पायरीवर ठेवली.

"गादी नको मला. मी जखमी होऊन परतलो, तेव्हा आईसाहेब याच्या उशाशी होत्या. याला ताप होता म्हणे! मला कुणी पाणीही विचारलं नाही. तेव्हापासून याचं तोंड पाहवत नाही. आणि आता हा नाही, तर महाल खायला उठतो."

दगड तडकला. आतून मेघकेतू बाहेर आला.

"दादा, त्या तापात आईसाहेब मला तुझ्याच पराक्रमाच्या गोष्टी सांगत होत्या. ऐकून ऐकून डोकं उठलं माझं! मीही तुझ्यावर जळायचो."

रणधवल हसला की रडला, कुणाला कळलं नाही. मेघकेतूनं राजमुद्रा उचलून त्याच्या हाती दिली, त्याला पाटावर बसवलं आणि कलश ओतला. पाणी पाणीच राहिलं.

"अरे, गार आहे!" नवा राजा ओरडला.

"मी तीन महिने पावसात उभा होतो," धाकटा म्हणाला, आणि त्यानं दुसरा कलश उचलला.