गॅरंटी असेल तेवढाच हेडसेट द्या

शनिवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या लेकीचा, रेवाचा गेमिंग हेडसेट एका कानाने बंद पडला. या वर्षातला हा दुसरा. रविवारी तिच्या टीमची मॅच होती, आणि नीट ऐकू आलं नाही तर तिच्या जागी दुसरी मुलगी खेळणार होती. पोर रडवेली झाली. तशीच तिला घेऊन ढोबळेशेठच्या दुकानात गेले.

शेठनी दिवे लागणारा चकचकीत हेडसेट पुढे केला. "डोळे झाकून न्या ताई, दोन वर्षांची गॅरंटी! तुम्हाला यातलं काय कळणार?"

"वायर तुटली तर?"

"वायर गॅरंटीत नसते."

"कानाची गादी फाटली तर?"

"तीही नसते."

"आणि माइक?"

"अहो, तो नाजूकच असतो."

"मग असं करा शेठ, वायर, गाद्या नि माइक तुमच्याकडेच ठेवा. ज्याची गॅरंटी आहे तेवढंच बांधून द्या, पैसेही तेवढ्याचेच घ्या."

"मग उरली काय, नुसती डोक्यावरची पट्टी!" शेठ बोलून गेले, आणि सगळी गिऱ्हाइकं खो खो हसली.

शेठनी आतून साधा काळा हेडसेट आणला. त्याची वायर, गाद्या बदलता येत होत्या, आणि गॅरंटी माइकसकट सगळ्याची होती. रविवारी रेवा खेळली. मी मात्र मॅचभर त्या वायरीकडेच बघत होते.

बायांनो, ओळखीच्या आयांना एवढं सांगाच: गॅरंटी किती वर्षांची ते नंतर, कशाकशाची नाही ते आधी विचारा.